दहा बाय सतराचं गॅरेज: आधी खडू घ्या, मग कोटेशन

तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला, कारण त्यात मापं दिली आहेत. बहुतेक लोक ती देत नाहीत. बडोद्यातल्या मांजलपूरचं टेनामेंट (स्वतंत्र लहान घर), गॅरेज आतून १० फूट रुंद, १७ फूट लांब, ९ फूट उंच. पुढे शटर, मागच्या भिंतीला उजव्या कोपऱ्यात चोकडीत, म्हणजे धुण्याभांड्यांच्या जागेत, उघडणारं दार. आत एक स्विफ्ट, दोन अ‍ॅक्टिव्हा, निवृत्त वडिलांचं सुतारकामाचं टेबल, गव्हाच्या दोन कोठ्या, गणपतीचं मखर, उत्तरायणाच्या पतंगांच्या फिरक्या, इन्व्हर्टर, आणि "कधीतरी लागेल" म्हणून ठेवलेले खोके. तिन्ही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत मॉड्युलर कपाटं करायचं ८५ हजारांचं कोटेशन आलंय. २०२४ च्या पुरात आत गुडघाभर पाणी होतं हे तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंय. कोटेशन मान्य करावं का, असं विचारताय.

करू नका. निदान या स्वरूपात तरी नाही. कारण सांगतो, आणि तुमच्या जागी मी काय केलं असतं तेही सांगतो. माझं मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) लोखंडी फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. २७ वर्षं ग्रिल, शटर, माळे, रॅक हेच काम. बडोद्यातली बरीच गॅरेजं भरलेली पाहिली आणि त्यातली बरीच रिकामी करायलाही मदत केली.

तुम्हाला वाटतंय की कपाटं कमी पडतायत. मला तुमच्या वर्णनावरून वाटतं की जमीन कमी पडतेय, आणि नेमकी तीच जमीन हे कोटेशन आणखी खाणार आहे. दोन फूट खोल कपाटं दोन्ही बाजूंना उभी केली की दहा फुटांचं सहा फूट उरतं. स्विफ्टची अंगाची रुंदीच १७३ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे पावणेसहा फूट. गाडी आत जाईल, पण तुम्ही बाहेर येणार नाही. कोटेशन देणाऱ्याने बहुधा रिकाम्या गॅरेजचं माप घेतलं, गाडी आत उभी करून नाही. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत हेच केलंय. कारेलीबागेतल्या एका घरी सुंदर पावडर कोटिंग केलेला रॅक लावून आलो आणि दुसऱ्या दिवशी फोन आला की दार उघडताना कडा आपटतेय. तो रॅक मी परत काढून आणला, नऊ इंच कापला आणि पुन्हा लावला. तेव्हापासून गाडी आत लावल्याशिवाय मी टेप काढत नाही.

म्हणून पहिलं काम, यात एक रुपयाही खर्च नाही. एका रविवारी सगळं सामान बाहेर काढा, फरशी झाडून घ्या, आणि गाडी रोज लावता तशी आत लावा. चारही दारं उघडा, जितकी उघडून माणूस खरंच उतरतो तितकी. प्रत्येक दाराच्या टोकाखाली फरशीवर खडूने खूण करा. डिकी पूर्ण उघडा आणि तिचं सगळ्यात वरचं टोक जमिनीपासून किती उंच जातं ते मोजा. मग गाडीच्या चाकांभोवती रेघ ओढा आणि गाडी बाहेर काढा. फरशीवर जो पांढरा आकार राहील, तीच तुमची खरी जागा. त्या रेघेच्या आत जमिनीवर काहीही उभं करायचं नाही.

कारेलीबागेतल्या त्याच घरी हा खडूचा खेळ दुसऱ्यांदा केला तेव्हा आजींना बोलावलं. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. त्यांनी आधी दोन्ही पाय बाहेर टाकले, मग दाराच्या वरच्या कडेला धरून हळूहळू उठल्या. दार जवळजवळ काटकोनात उघडावं लागलं. मुलाची खडूची खूण आणि आजींची खूण यांत चौदा इंचांचं अंतर होतं. घरात असं कोणी असेल तर त्यांना गाडीतून बाहेरच, गेटपाशी उतरवायचं की आत, हे आधी ठरवा. ते मी ठरवू शकत नाही. तुमच्या उताराचा चढ किती, पावसात त्यावर पाय घसरतो का, हे तुम्हालाच माहीत.

आता तुमची मापं धरून मांडणी करू. शटरकडे पाठ करून आत पाहा. तुम्ही गाडी नाक आत करून लावता असं धरतो, म्हणजे ड्रायव्हरचं दार उजव्या भिंतीकडे येतं आणि मागच्या दाराकडे जायचा रस्ताही उजवीकडेच. हे सोयीचं आहे. रिव्हर्स करून लावत असाल तर पुढचं सगळं डावं-उजवं उलट होईल, आणि मागच्या दाराचा फायदाही निम्मा जाईल.

दहा फूट म्हणजे ३०५ सेंटिमीटर. गाडी डाव्या भिंतीपासून २५ सेंटिमीटरवर लावा, डावा आरसा मिटून. बाजूला बसलेला माणूस गाडी आत घेण्याआधी बाहेर उतरेल. उजवीकडे साधारण १०७ सेंटिमीटर उरतात. त्यातले ७० तुमचं दार आणि तुमचं शरीर यांना द्या. राहिले ३५ ते ३७, म्हणजे एक फुटाची फळी आरामात. दोन फुटांचं कपाट नाही.

इथे एक अट आहे. शटरच्या चॅनेलसाठी दोन्ही बाजूंना खांब असतील तर ते आत किती आलेत ते मोजा. डावा खांब सहा इंच आत असेल तर गाडी शिरताना डावीकडे फक्त चार इंच उरतात. मग गाडी आत शिरल्यावर थोडी डावीकडे घ्यावी लागेल, किंवा २५ चे ३५ सेंटिमीटर करून उजवीकडच्या फळ्या आठ-नऊ इंचांच्या कराव्या लागतील. कागदावर दोन्ही चालतं. तुमच्या हाताला काय चालतं ते आठवडाभर गाडी लावून बघा.

लांबीचं बघू. १७ फूट म्हणजे ५१८ सेंटिमीटर. स्विफ्टची लांबी ३८५ च्या आसपास. शटरपासून मागे सुमारे फूटभर, म्हणजे ३० सेंटिमीटर सोडा, कारण डिकी उघडून काही काढायचं असेल तर शटर उघडून बाहेर उभं राहायचं, आत नाही. मग नाक आणि मागची भिंत यांच्यात तीन फुटांहून थोडं जास्त उरतं. तुमच्या वडिलांचं टेबल इथे येणार, आणि याबद्दल मी खाली सविस्तर लिहितो. नाक नेमकं तिथेच थांबावं म्हणून पुढच्या चाकांसमोर एक लाकडी किंवा रबरी अडथळा फरशीला बोल्ट करून टाका. छताला दोरीने चेंडू लटकवून तो काचेला टेकला की थांबायचं, असंही काही जण करतात, आणि तेही चालतं. पण चाकाचा अडथळा अंधारातही काम करतो.

दोन अ‍ॅक्टिव्हा. इथे तुम्हाला वाईट वाटेल असं लिहितोय. दोन्ही आत बसत नाहीत. एक अ‍ॅक्टिव्हा सुमारे १८३ सेंटिमीटर लांब आणि ७० रुंद. ड्रायव्हरच्या दाराच्या मागच्या टोकापासून शटरपर्यंत उजव्या भिंतीशी तुमच्याकडे अंदाजे १९० आहेत. म्हणजे एक अ‍ॅक्टिव्हा शटरपाशी उजवीकडे जेमतेम बसते, आणि तुमच्या घरी रोज जास्त बाहेर पडणारी तीच असेल तर ती जागा तिलाच योग्य. तुम्ही गाडीतून उतरून मागच्या दाराने घरात जाल, तिला ओलांडायची गरज पडणार नाही. दुसरी अ‍ॅक्टिव्हा बाहेर, कंपाउंडमध्ये, ओट्याच्या कडेला, वर पत्रा टाकून. दोन्ही आत घुसवायच्या अट्टहासात लोक रोज सकाळी दोन स्कूटर बाहेर, गाडी बाहेर, एक स्कूटर आत, असा फेरा करतात. आठवड्यात कंटाळतात आणि गाडीच रस्त्यावर उभी करायला लागतात. मग आत फक्त सामान राहतं, आणि बडोद्यातल्या कित्येक गॅरेजांचं शेवटी हेच झालेलं मी पाहिलंय.

जमीन सोडली तर मग सामान जाणार कुठे? भिंतीवर आणि डोक्यावर. यात नवीन काही नाही. दांडिया बाजारातले जुने वाडे आठवा. भिंतीत कोनाडे, भिंतीत फडताळ, दारामागे खुंट्या, वर माळा. खोली आठ बाय दहाची, तरी माणसं पंगतीला बसत, कारण जमिनीवर काही उभंच नसे. आपल्या आज्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. आपण मात्र जाड कपाटं करून तीच जमीन अडवतो.

आता पाण्याचं, कारण तुमच्या गॅरेजची मांडणी यावरच ठरते. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २५-२६ फूट. ऑगस्ट २०२४ मध्ये ती ३५ फुटांच्या वर गेली. त्याआधी ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस पडला होता. पाच वर्षांत दोनदा. तुमच्या भिंतीवर २०२४ च्या पाण्याची मळकट रेघ अजून असेलच. पुसली गेली असेल तर शेजाऱ्याच्या भिंतीवर शोधा. त्या रेघेच्या एक फूट वर पेन्सिलने आडवी रेघ मारा. गुडघाभर पाणी म्हणजे वीस इंच धरलं तर ही नवी रेघ बत्तीस इंचांवर येते. या रेघेखाली लाकूड नाही, पार्टिकल बोर्ड नाही, खोका नाही, वायरिंग नाही. खाली फक्त ते ठेवा जे धुऊन पुसून पुन्हा वापरता येतं किंवा दोन मिनिटांत उचलता येतं. टब, बागेचा पाइप, प्लास्टिकच्या बादल्या, पंप.

२०१९ च्या आधी मीही खाली चार इंचांचं जोतं देऊन कपाटं करत असे. त्या वर्षी अकोट्याच्या बाजूला एका घरी गेलो तर पार्टिकल बोर्डची दारं भिजलेल्या पावासारखी फुगली होती, बिजागऱ्या सुटून आल्या होत्या. मालक काही बोलले नाहीत, चहा दिला. मला आजही ते कपाट डोळ्यांसमोर दिसतं. तेव्हापासून खालचा पट्टा मी मोकळा सोडतो, गिऱ्हाइकाने आग्रह केला तरी.

आणखी एक कारण आहे. पूर ओसरल्यावर या शहरात फक्त चिखल राहत नाही. विश्वामित्रीत मगरी आहेत, २०२४ मध्ये त्या वस्त्यांमध्ये शिरल्या होत्या आणि वनखात्याच्या लोकांनी आणि स्वयंसेवकांनी पकडून नेल्या. साप तर येतातच. खालचा पट्टा मोकळा आणि दिसता असेल तर टॉर्च मारून बघता येतं. जमिनीला टेकलेल्या कपाटाखाली हात घालावा लागत असेल, तर तो हात कुणाचा असेल याचा विचार करा.

पाऊस वाढला की गाडी उंच जागी न्यायची असते. २०२४ ला आमच्या भागातल्या लोकांनी पुलावर रांगेने गाड्या लावल्या होत्या. रात्री दोन वाजता, अंधारात, पाणी चढत असताना गाडी सरळ रिव्हर्स निघायला हवी. हे मनात ठेवून शटरपाशी फक्त ती एक अ‍ॅक्टिव्हा, दुसरं काही नाही.

आता गव्हाच्या कोठ्या. वर्षाचे गहू एरंडेल चोळून कोठीत भरायची पद्धत आपल्या मराठी घरांनी इथे राहून घेतलीच आहे, आमच्याही घरी आहे. पण कोठी गॅरेजमध्ये नको. पेट्रोलचा वास बंद जागेत धान्याला लागतो, सुतारकामाचा भुसा उडतो, आणि पाणी आलं तर शंभर किलोची कोठी कुणी उचलणार नाही. टेनामेंटचं घर गॅरेजपेक्षा दोन-अडीच फूट उंच असतं. जिन्याखालची जागा कोठीला द्या आणि जिन्याखालचं जे काही आहे ते गॅरेजच्या माळ्यावर पाठवा. ही अदलाबदल केली की गॅरेजमधली जवळजवळ आठ चौरस फूट जमीन मोकळी होते, एक फळीही न लावता.

माळा. मागच्या बाजूला, टेबलावर आणि गाडीच्या नाकावर येईल असा, पूर्ण दहा फूट रुंदीचा आणि पाच फूट खोलीचा. खालची बाजू जमिनीपासून सात फुटांवर ठेवा, म्हणजे खालून माणूस ताठ चालेल. वर दोन फूट उंची मिळते. दहा गुणिले पाच गुणिले दोन, शंभर घनफूट. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद, दीड फूट खोल असं पत्र्याचं कपाट सुमारे २९ घनफुटांचं असतं. म्हणजे तीन कपाटांपेक्षा जास्त सामान डोक्यावर जातं, जमिनीवर एक इंचही न घेता. माळा शटरच्या बाजूला करू नका. गुंडाळलेल्या शटरचा ड्रम तिथे असतो, त्याची स्प्रिंग कधी ना कधी बदलावी लागते, आणि कारागिराला हात घालायला जागा हवी. शिवाय डिकी उघडते ती याच बाजूला, तिचं टोक तुम्ही मोजलेलंच आहे.

माळ्याच्या वजनाचं मी जास्त बोलणार आहे, कारण इथे चूक झाली तर ती डोक्यावर पडते. समा रोडवरच्या एका घरी मला दुरुस्तीला बोलावलं होतं, काम दुसऱ्या कुणी केलेलं. साडेचार इंचांच्या भिंतीत आठ मिलिमीटरचे आखूड बोल्ट ठोकून लोखंडी माळा लावला होता, वर टाइल्सचे खोके. एका टोकाचे बोल्ट प्लास्टरसकट बाहेर आले होते. खाली त्या वेळी कुणी नव्हतं एवढंच. तुमच्या दोन्ही बाजूच्या भिंती नऊ इंचांच्या विटेच्या आहेत का ते बघा. दाराच्या चौकटीपाशी भिंतीची जाडी दिसते. नऊ इंची वीट असेल तर १० किंवा १२ मिलिमीटरचे लांब अँकर विटेत खोल जायला हवेत, नुसत्या प्लास्टरमध्ये नाहीत. हलक्या सिमेंट ब्लॉकची भिंत असेल तर नेहमीचा अँकर फिरत राहतो, धरत नाही. तिथे वेगळे बोल्ट लागतात किंवा आरपार बोल्ट घेऊन मागे पट्टी द्यावी लागते. साडेचार इंचांची भिंत असेल तर माळ्याचा भार भिंतीवर टाकूच नका, कोपऱ्यात चार उभे पाइप देऊन जमिनीवर उतरवा. पाइपची चार टोकं कोपऱ्यात गेली तर ती जमीन खात नाहीत.

सांगाडा दीड इंची चौकोनी पाइपचा, दोन मिलिमीटर जाडीचा, मध्ये दर दोन फुटांवर आडवा पाइप. वर प्लाय. १८ मिलिमीटरचा आठ बाय चारचा एक प्लाय स्वतःच ३० ते ३५ किलोचा असतो, हे मोजायला विसरू नका. मी बहुतेक वेळा १२ मिलिमीटर वापरतो आणि आडवे पाइप जवळ घेतो. स्लॅबला वरून सळ्या टांगायच्या असतील तर ड्रिल मारण्याआधी पंख्याच्या वायरची नळी कुठून गेलीय हे इलेक्ट्रिशियनला विचारा. लोखंडाचं काम किलोच्या भावाने होतं, म्हणून कोटेशन मागताना एकूण आकडा न मागता पाइपचं माप, जाडी आणि अंदाजे किलो लिहून मागा. दोन कोटेशनं तेव्हाच जुळवून बघता येतात.

माळ्यावर जायचं ते हलकं आणि वर्षातून एकदा-दोनदा लागणारं. मखर, आकाशकंदील, फिरक्या, रजया, प्रवासाच्या बॅगा. टाइल्स, रंगाचे डबे, जुन्या बॅटऱ्या, पुस्तकांचे खोके नाहीत. पुढच्या कडेला दोन इंचांची पट्टी उभी करा. २६ जानेवारी २००१ ची भूकंपाची सकाळ बडोद्यातही ज्यांनी अनुभवली, त्यांना ती पट्टी कशासाठी ते सांगावं लागत नाही. मखर झाकून ठेवताना थर्माकोलच्या कपच्या वेगळ्या पिशवीत बांधा, नाहीतर उंदीर त्यात घर करतात.

आता तुमच्या वडिलांचं टेबल. तुम्ही लिहिलंय की "बाबांचं टेबल काढून टाकावं का, असाही विचार आहे." कृपा करून काढू नका. पंचाहत्तरीच्या आसपासचा माणूस रोज दोन तास रंधा मारतोय, ही गॅरेजची अडचण नाही. त्यांना जागा करून द्यायची आणि बाकीचं त्याभोवती बसवायचं.

मागच्या भिंतीला, दाराच्या डावीकडे, सहा फूट लांब आणि पावणेदोन फूट रुंद असं घडीचं टेबल करा. भिंतीला जाड लाकडी पट्टी, तिला मजबूत बिजागऱ्या, खाली दोन पाय जे उघडताना बाहेर येतात. घडी केलं की भिंतीवर चार इंच. उघडलं की चौतीस इंच उंच, म्हणजे पाण्याच्या रेघेच्या वर. गाडी आत असतानाही समोर दोन फुटांपेक्षा कमीच जागा राहते, उभं राहून बारीकसारीक काम होईल. मोठा फळा करवतायचा असेल तेव्हा गाडी बाहेर काढायची. वडिलांची उंची कमी-जास्त असेल तर चौतीस इंच पवित्र नाहीत. त्यांना उभं करा, हात सरळ खाली सोडायला सांगा, मनगटाच्या हाडापर्यंत मोजा. टेबलाची उंची तीच.

टेबलाच्या वर, जमिनीपासून पावणेपाच फुटांवरून माळ्यापर्यंत, वीस इंच खोल बंद कपाट. इथे कपाट योग्य आहे, कारण खाली टेबल आहे आणि समोरचं बॉनेट साडेतीन फुटांच्या वर जात नाही. गाडीच्या नाकापुढच्या या जागेचा उपयोग बहुतेक लोक करतच नाहीत. टेबल आणि कपाट यांच्यामध्ये भिंतीवर एक प्लायचा फळा. त्यावर पटाशा, करवती, गिरमीट, हातोडे खिळ्यांवर टांगायचे, आणि प्रत्येकाचा आकार पेन्सिलने काढून रंगवायचा. हे मी एका निवृत्त शिक्षकांकडे केलं होतं. महिन्याभराने गेलो तर त्यांच्या नातवाने प्रत्येक आकाराखाली त्या हत्याराचं नाव मराठीत आणि गुजरातीत लिहिलेलं. रंधा, रंदो. संध्याकाळी शटर ओढण्याआधी रिकामा आकार दिसला की ते काय राहिलं ते शोधत. लाकूड आवळून धरायचा जुना शिकंजा टेबलाच्या घडीवर बसवू नका, वजनाने बिजागरी वाकते. तो उजव्या कोपऱ्यात एका लोखंडी ब्रॅकेटवर वेगळा बसवा.

उजव्या भिंतीवर ड्रायव्हरच्या दारासमोर एक फुटाच्या फळ्या, बत्तीस इंचांपासून वर. अ‍ॅक्टिव्हाच्या वर साडेचार फुटांपासून, म्हणजे तिचे आरसे आणि तुमचं डोकं दोन्ही सुटतं. डाव्या भिंतीवर गाडीच्या छताच्या वर, सहा फुटांपासून एक लांब फळी. त्याखाली भिंतीला चपटी टांगता येतील अशी शिडी आणि घडीच्या खुर्च्या, पण गाडीच्या दाराच्या उंचीला नाही. फळ्यांना प्लाय घ्याल तर शिक्क्यात ७१० लिहिलेला बघा. तो पाण्याला जास्त टिकतो. ३०३ चा साधा प्लाय वरच्या कपाटाला चालेल. प्लाय भिंतीला पूर्ण टेकवू नका, बोटभर अंतर ठेवा. आपल्याकडच्या काळ्या मातीतून वाळवी भिंतीच्या कडेने वर चढते, आणि अंतर असेल तर तिची मातीची नळी दिसते.

चार गोष्टी झटपट. इन्व्हर्टर आणि बॅटरी रेघेच्या वर लोखंडी ब्रॅकेटवर घ्या, बंद कपाटात नको, चार्ज होताना बॅटरीतून वायू सुटतो आणि त्याला हवा लागते. थिनर, रंग, पेट्रोलची कॅन बंद गॅरेजमध्ये मे महिन्यात ठेवू नका. रिकामा असो वा भरलेला, गॅसचा सिलिंडर इथे नको, कारण गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचून राहतो. शटर बंद करून गाडी कधीही चालू ठेवू नका, वडील आत काम करत असतील तर मुळीच नाही.

"कधीतरी लागेल" च्या खोक्यांबद्दल मी काय करतो ते सांगतो. प्रत्येक खोक्यावर आजची तारीख लिहायची आणि सेलोटेपने बंद करायचा. पुढच्या दिवाळीच्या साफसफाईपर्यंत जो उघडला गेला नाही, तो न उघडता बाहेर. उघडला की पुन्हा आत जातो, हा माझा अनुभव. फोटो, जुनी कागदपत्रं आणि आजोबांच्या वस्तू यांना हा नियम लावू नका. त्या गॅरेजमध्ये असूच नयेत, घरात ठेवा.

खर्चाचं म्हणाल तर तुमच्या कोटेशनमधला मोठा हिस्सा जमिनीवरच्या कपाटांचा असणार. ती काढली की उरतो माळा, घडीचं टेबल, वरचं एक कपाट आणि फळ्यांचे ब्रॅकेट. एकदम सगळं करू नका. आधी खडू आणि गव्हाची कोठी. मग माळा. महिनाभर तसंच राहून बघा. टेबल त्यानंतर, वडिलांना समोर उभं करून. उजवीकडच्या फळ्या सगळ्यात शेवटी, कारण माळा झाल्यावर त्यातल्या निम्म्या लागणारच नाहीत असं मला वाटतं.

तीन मापं तुमच्या पत्रात नाहीत. बाजूच्या भिंतींची जाडी, शटरच्या खांबांमधलं मोकळं अंतर, आणि उघडलेल्या डिकीचं वरचं टोक. ती कळवलीत तर ब्रॅकेट कुठे ठोकायचे हे मी फूट-इंचात लिहून देतो. जोपर्यंत ती नाहीत, तोपर्यंत कुणालाही बयाणा देऊ नका.